लादलेला विसर आणि दोन आयांचा दावा

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत जे लक्षावधी निर्वासित उरले, त्यांत आपण निर्वासित आहोत याचीच कल्पना नसलेला एक गट होता. पोलंड, स्लोव्हेनिया आदी प्रदेशांतून लहानपणी उचलून आणलेली ही मुले जर्मन घरांत वाढत होती आणि सांभाळणाऱ्या बाईलाच आई म्हणत होती. त्यांचा विसर केवळ कोवळ्या वयाचा नव्हता, तो घडवून आणलेला होता. मातृत्वाच्या पुढील वादांत मात्र नेमकी हीच गोष्ट वारंवार बाजूला पडली.

एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याच्या आदेशाने राबवलेल्या 'जर्मनीकरणा'त, म्हणजे वांशिक निकषांवर निवडलेल्या परकी मुलांना जर्मन बनवण्याच्या योजनेत, पोलंडमधील कालिश येथील मठासारख्या ठिकाणी मुलांना ठेवले जाई. तेथे पोलिश बोलल्यास मार बसे, नावे बदलून जर्मन केली जात आणि आईवडील मेल्याचे सांगितले जाई. स्लोव्हेनियातील त्सेल्ये येथे ऑगस्ट 1942 मध्ये गोळ्या घालून मारलेल्या ओलिसांच्या व बंडखोरांच्या सुमारे 600 मुलांना आयांपासून तोडण्यात आले. त्यांतील अगदी तान्ही व लहान मुले 'लेबेन्सबोर्न' या एसएसच्या मातृ-बालसंस्थेमार्फत जर्मन कुटुंबांना देण्यात आली, तर अनेक आया ऑशविट्झला गेल्या.

माणसाला साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वर्षाआधीचे काही आठवत नाही. मानसशास्त्र याला बाल्यविस्मृती म्हणते. परंतु पाच-सहा वर्षांचे मूलही मातृभाषेचा संबंध पूर्ण तुटल्यास ती गमावू शकते, असे फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांच्या 2003 मधील अभ्यासात दिसले. प्रौढपणी त्यांच्या मेंदूत कोरियन भाषेची वेगळी खूण सापडली नाही. पुढील संशोधनाने या निष्कर्षाला मुरड घातली, कारण अशा माणसांना विसरलेल्या भाषेचे ध्वनी इतरांपेक्षा लवकर पुन्हा साधतात असे आढळले.

हे संशोधन होण्याच्या कितीतरी आधी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेचे, म्हणजे 'उन्रा'चे, बालशोधक अनुभवाने तेथवर पोचले होते. प्रश्न विचारले की मूल पढवलेली जर्मन उत्तरे देई. म्हणून शोधक एखादे पोलिश अंगाईगीत किंवा प्रार्थना सहज म्हणू लागत आणि मुलाकडे पाहत राहत. कधी ओठ हलत, कधी पुढची ओळ मुलाच्याच तोंडून येई, आणि त्या ओळीचा अर्थ मात्र त्याला सांगता येत नसे.

ओळख पटली तरी प्रश्न सुटत नसे. जर्मन पालक-आयांतील कित्येकींना मूल अनाथ असल्याचेच सांगितलेले होते आणि त्यांची माया खरी होती. दुसरीकडे जन्मदात्री छळछावणीतून वाचून मूल शोधत आलेली असे. अमेरिकी व ब्रिटिश अधिकाऱ्यांत मुलाला रुळलेल्या घरातून हलवू नये हे मत बळावत गेले, आणि शीतयुद्धामुळे साम्यवादी देशांत मूल परत पाठवण्याची नाखुशी त्यात मिसळली. मुलाचे हित हा निकष योग्यच, पण ज्या विसरामुळे मूल आईला ओळखत नाही, तो विसर अपहरणाचेच फळ असताना त्यालाच आईविरुद्धचा पुरावा मानणे हा तिच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय होता. एका स्लोव्हेनियन मुलाचा असाच दावा जर्मनीतील अमेरिकी न्यायालयांत लढला गेला आणि अखेर 1952 मध्ये मूल आईकडे परतले. तोवर ते जर्मनच बोलत होते.

खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा' या नाटकामुळे मराठी रसिकांना परिचित असलेली, 1944 मध्ये जर्मन नाटककार ब्रेख्तने रचलेली, एकाच मुलावर दोन आया हक्क सांगतात ती कथा येथे अपुरी पडते. तिथे जन्मदात्री पळताना मूल मागे टाकते, म्हणून न्याय सांभाळणारीकडे झुकतो. त्सेल्येच्या आयांनी काहीच टाकले नव्हते.

न्युरेंबर्गच्या 1947-48 मधील खटल्यात मुलांचे अपहरण हा गुन्हा ठरला, मात्र लेबेन्सबोर्नचे अधिकारी त्या आरोपातून सुटले. पुढे 2018 मध्ये, अशा प्रकारे आणल्या गेलेल्या आणि तेव्हा वयोवृद्ध झालेल्या एका गृहस्थांचा नुकसानभरपाईचा दावाही कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने फेटाळला, कारण भरपाईच्या नियमांत ज्या पीडितांचे वर्ग होते, त्यांत चोरलेली मुले बसत नव्हती.