अंगणातली रंगपेटी

मे महिन्यात पोलादपूरला बहिणीकडे गेलो, तर भाच्यांच्या सुट्टीच्या शिबिरासाठी रंगपेट्या आणायची यादी तयार! दारात एवढे रंग असताना?

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळा, हात लाल होतो.

महाड-पोलादपूरची माती लोहामुळे तांबडी. ती वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायची. डिंक नसेल तर वाळल्यावर झडते.

खरी मजा पुढे. हळदीने रंगवलेल्या कागदावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचं बोट फिरवलं की पिवळ्याचं तांबडं होतं. जांभळाचा रस लिंबाने गुलाबी होतो, सोड्याने निळसर-हिरवट. पोरं हलत नाहीत!

बिब्बा आणि रुईचा चीक मात्र सक्त बंद. बिब्ब्याने कातडी भाजते, चीक डोळ्यांना घातक.

चित्रं उन्हात ठेवू नका, हळद उडते.