जन्मसालाची बाटली निवडताना

पन्नाशीच्या वाढदिवसाला पन्नास वर्षांपूर्वीची वाईन भेट द्यायची, ही कल्पना कुणालाही भुरळ घालील. पण जगातली बहुतेक वाईन चार-पाच वर्षांत पिऊन संपावी अशाच बेताने केलेली असते. म्हणून लेबलावरचं साल नंतर पाहावं, वाईनचा प्रकार आधी.

बाटलीत बंद झालेली वाईन बदलत राहते. लाल रंग देणारी अँथोसायनिन आणि तोंड कोरडं पाडणारी टॅनिन ही द्रव्यं एकमेकांशी जोडली जातात, त्यांचे रेणू मोठे होतात आणि काही तळाशी गाळ होऊन बसतात. जुनी लाल वाईन विटकरी दिसते आणि जिभेला मऊ लागते ती यामुळेच. दरम्यान ताज्या फळांचा वास देणारी एस्टर विरत जातात आणि बुचातून अगदी सूक्ष्म प्रमाणात प्राणवायू आत शिरत असतो. टॅनिन, आम्ल, साखर आणि अल्कोहोल यांची शिदोरी भरपूर असेल, तरच वाईन हा प्रवास सोसते.

पोर्तुगालमध्ये डोरो नदीच्या खोऱ्यात होणाऱ्या व्हिन्टेज पोर्टची शिदोरी दांडगी. रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं मद्य ओततात. यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते आणि वाईनची तीव्रता २० टक्क्यांच्या आसपास जाते. लाकडी पिंपात दोनेक वर्षं काढून ती न गाळताच बाटलीत भरतात; मुरते ती तिथेच. इंग्लंडच्या धनिक घराण्यांत मूल जन्मलं की त्याच्या नावाने पोर्टचं अख्खं पिंप, म्हणजे सुमारे ५५० लिटर, राखून ठेवण्याची रीत होती.

मात्र व्हिन्टेज पोर्ट दरसाल होत नाही. हंगाम उत्तम साधला तरच उत्पादक तशी घोषणा करतात, दहा वर्षांत साधारण तीनदा. १९६३, १९७०, १९७७, १९९४ आणि २०११ ही त्यांतली गाजलेली सालं. जन्मसाल या यादीत नसेल तर ‘कोल्येता’ शोधावी. हीसुद्धा एकाच हंगामाची पोर्ट, पण किमान सात वर्षं, बरेचदा कित्येक दशकं, पिंपात मुरलेली.

सर्वांत चिवट वाईन अटलांटिकमधल्या मदेरा बेटाची. पूर्वेकडे निघालेली जहाजं या बेटावर थांबून पिंपं चढवत. उष्ण कटिबंधातून फिरून परतलेल्या पिंपांतली वाईन बिघडण्याऐवजी अधिक चविष्ट लागते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि ती मुद्दाम ऊब देऊन मुरवली जाऊ लागली. आजही उत्तम मदेराची पिंपं उबदार माळ्यांवर ठेवतात. ‘फ्राश्केरा’ या साल लिहिलेल्या प्रकाराला तर किमान २० वर्षं लाकडात काढावी लागतात. उष्णता आणि प्राणवायू दोन्ही पचवून झाल्यामुळे तिच्यात बिघडण्याजोगं फारसं उरतच नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात बोर्दोची जुनी बाटली साध्या कपाटात ठेवणं म्हणजे ती गमावणं. मदेरा मात्र तग धरते, उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. तिच्या सुगंधात सोटोलोन नावाचा रेणू असतो. मेथीदाण्याचा वासही मुख्यतः त्याचाच.

बोर्दोच घ्यायची तर हंगाम पारखायला हवा. १९६१ आणि १९८२ अव्वल, १९६५ आणि १९६८ पार फसलेले. शातो दिकेम या नामांकित मळ्याने १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या सालांची आपली गोड सोतेर्न बाजारात आणलीच नाही. ती कुणी पुढे केली तर बाटली नकली समजावी.

ही भीती काल्पनिक नाही. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतल्या पोन्सो घराण्याच्या ‘क्लो सँ-देनी’च्या १९४५ ते १९७१ सालच्या म्हणून बाटल्या आल्या. ती वाईन पोन्सोंनी करायला घेतली १९८०च्या दशकात! बाटल्या लिलावातून मागे घ्याव्या लागल्या आणि त्या आणणाऱ्या रुडी कुर्नियावानला पुढे दहा वर्षांची कैद झाली. याहून जुन्या बाटलीसाठी भौतिकशास्त्र मदतीला येतं. सीझियम-१३७ हा किरणोत्सारी अणू वातावरणात पसरला तो अणुस्फोटांच्या युगात, म्हणजे १९४५ पासून. त्याचे गॅमा किरण काचेबाहेरून मोजता येतात, बूच काढावं लागत नाही. १९०० सालच्या म्हणवणाऱ्या वाईनमध्ये सीझियम सापडलं, तर लेबल खोटं.

खरेदीपूर्वी वाईनची पातळी बाटलीच्या मानेपर्यंत आहे ना, हे पाहावं आणि ती १२-१३ अंशांच्या तळघरात राहिली आहे का, हे विचारावं. जुन्या पोर्टचं बूच भुसभुशीत झालेलं असतं. म्हणून जाणकार तापवलेला चिमटा बाटलीच्या मानेला लावून वर थंड पाण्याचं फडकं गुंडाळतात. मान काचेसकट सफाईने तुटते. मात्र आधी बाटली दिवसभर उभी ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसतो, आणि उघडल्यावर वाईन गाळून एक-दोन दिवसांत संपवावी.