जीपचा अ‍ॅक्सल : आधी मोजा, मग बसवा



सांवेर, देपालपूर, महूकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडीचे काय हाल होतात, ते आपल्याला सांगायला नको. म्हणून फोर व्हीलची जुनी जीप आपल्यापैकी काहींनी अजून जपून ठेवली आहे. तिचा अ‍ॅक्सल गेला की आपण जुन्या बाजारातून दुसरा आणतो.

आमच्यातल्या एकाने असेच केले. विकणारा म्हणाला, "जीप ती जीप, सगळे सारखेच." चिखलात गाडी छान चालली. पण फोर व्हील लावलेलीच डांबरी सडकेवर आणली, तेव्हा ती ओढल्यासारखी चालू लागली, लिव्हर निघेना आणि शेवटी ट्रान्सफर केसचे दात गेले. पुढचा अ‍ॅक्सल एका रेशोचा आणि मागचा दुसऱ्या, एवढेच कारण!

रेशो म्हणजे काय?

अ‍ॅक्सलच्या गोळ्यात मोठे क्राउन व्हील आणि छोटे पिनियन असते. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की रेशो मिळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज लष्करी जीपमध्ये ३९ आणि ८ दात होते, म्हणजे ४.८८. पुढे सीजे-२ए, सीजे-३बी या नागरी जीप आल्या. त्यांत ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. शेतीच्या ओढकामासाठी हाच रेशो बरा. सीजे-३बी चा पहिला गिअर २.८० आणि ट्रान्सफरचा लो २.४६ धरला, तर २.८० × २.४६ × ५.३८ = ३७. इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. रुतलेली गाडी निघते ती या जोरावर.

फोर व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल, तर मागची चाके १० मीटर जाताना पुढची ११ मीटर जाऊ पाहतात. चिखलात चाक घसरून हा फरक निभावून जातो. कडक सडकेवर घसरायला वाव नसतो, म्हणून लोखंड तुटते.

मोजायचे कसे?

गोळा उघडायची गरज नाही. खडू आणि दोन माणसे पुरे.

१. इंजिन बंद, चावी खिशात. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. गिअर व ट्रान्सफर दोन्ही न्यूट्रल. शाफ्ट फिरला पाहिजे, म्हणून हँडब्रेक मोकळा ठेवावा लागतो. तो सोडण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला, पुढून-मागून लाकडी ठोकळे ठोकून लावा.

२. मागचे दुसरे चाक जॅकने उचला. जॅकखाली जाड फळी घाला आणि अ‍ॅक्सलखाली भक्कम ओंडका द्या. विटा नकोत, त्या फुटतात.

३. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. एकाने चाक एकाच दिशेला २० वेळा फिरवावे. दुसऱ्याने बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजावेत. गाडीखाली शिरू नये.

४. आलेल्या फेऱ्यांना १० ने भागा. २० ने नाही, कारण दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असताना उचललेल्या चाकाचे दोन फेरे झाले तरच क्राउन एकदा फिरते. पावणेचोपन्न फेरे आले तर ५.३८, पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८.

पुढच्या अ‍ॅक्सलचेही असेच करा. तेव्हा मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाकावर फ्री व्हील हब असतील तर ते लॉक करा. पुढचा-मागचा आकडा जुळला आणि चारही टायर एकाच मापाचे असले, तरच फोर व्हील लावा. अ‍ॅक्सल विकत घेण्यापूर्वी मात्र दुकानातच गोळा उघडवून दात मोजून घ्यावेत.

जिवाची गोष्ट

या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले की हा ब्रेक ओढलेला असला तरी गाडी थांबत नाही. जमिनीवरचे चाक पुढे गडगडते, उचललेले उलटे फिरते, शाफ्ट मात्र जागचा हलत नाही. गाडी जॅकवरून उतरते आणि खाली जो असेल तो सापडतो. ज्या युक्तीने आपण रेशो मोजतो, तीच येथे घात करते. म्हणून नुसते टायर बदलायचे असले, तरी ठोकळ्यांशिवाय मागचे चाक उचलू नका. मुलांना दूर ठेवा.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले. आपल्या कामालाही ते लागू आहे. मोजायला अर्धा तास पुरतो. तुटलेला ट्रान्सफर केस पैसे खाऊन दुरुस्त होईल, पण चिरडलेला हात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. घरची माणसे आपली वाट पाहत असतात.