व्हायवॅक्सच्या मागावर

किनवट तालुक्यात कुणाला थंडी वाजून ताप आला की बोट टोचलं जातं ते आशाताईच्या नाहीतर आरोग्य सेवकाच्या हातून. नाव-गाव लिहिलेली काचपट्टी मग माझ्या टेबलावर येते. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. एका पट्टीवर रक्ताचे दोन ठसे असतात. जाड ठशात हिवतापाचा परजीवी आहे की नाही ते कळतं, पातळ ठशात तो कोणता आहे ते: फाल्सिपेरम की व्हायवॅक्स. पट्टी जेएसबीच्या रंगात बुडवायची, धुवायची, वाळवायची, वर तेलाचा थेंब टाकायचा आणि शंभर क्षेत्रं पाहून झाल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही.

फाल्सिपेरमची कडी बारीक, नाजूक असते आणि पेशीचा आकार बदलत नाही. व्हायवॅक्स शिरलेली तांबडी पेशी मात्र फुगते, फिकट पडते, तिच्यात गुलाबी ठिपके दिसतात आणि मधोमध परजीवी वेडावाकडा पसरलेला असतो. फाल्सिपेरम मेंदूत चढतो, जीव घेतो, म्हणून त्याची सगळ्यांना धास्ती. व्हायवॅक्सला लोक ‘साधा मलेरिया’ म्हणतात. मला ते पटत नाही. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निपचित पडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, नवा डास न चावताही रक्तात उतरतात. पुन्हा ताप, पुन्हा बुडालेली मजुरी, अंगातलं रक्त आणखी कमी.

यकृतातल्या या परजीवींसाठीच प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायच्या असतात. क्लोरोक्विनचे तीन दिवस झाले की ताप उतरतो आणि गोळ्या फडताळात जातात. एका पोरीची पट्टी दुसऱ्यांदा दूषित निघाली, तेव्हा तिची आई म्हणाली, “ताई, ताप तर गेलता. मग उगं कशाला गोळ्या खायच्या?” प्रश्न सरळ होता. मी तिला पट्टी दाखवली आणि सांगितलं, “ताप गेला, पण तो गेला नाही. यकृतात दडून बसलाय.”

हिवतापाचं काम अर्ध्यावर सोडलं की तो परततो, हे देशानंही भोगलंय. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भारतात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. फवारणीच्या जोरावर १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. मग पकड ढिली झाली, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला.

म्हणूनच मला डॉ. चेतन चिटणीस यांच्या कामाचं मोल वाटतं. त्यांनी एकच प्रश्न धरला आणि तीस वर्षांहून जास्त काळ सोडला नाही: हा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो कसा? मला भिंगातून दिसतो तो आत शिरल्यानंतरचा परजीवी. त्यांनी शोध घेतला त्याच्या आधीच्या क्षणाचा.

ते मुळात भौतिकशास्त्राचे. आयआयटी मुंबईतून एमएस्सी, मग अमेरिकेत राइस विद्यापीठ आणि बर्कलेला जैवभौतिकीत पीएचडी. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लुई मिलर यांच्याकडे ते हिवतापाच्या संशोधनाला लागले. मिलर यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं, की तांबड्या पेशीवर ‘डफी’ नावाचं प्रथिन नसेल तर व्हायवॅक्सची लागण होत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या पेशींवर ते नसतं, आपल्याकडे बहुतेकांच्या असतं. पुढं डफी नसलेल्यांतही तुरळक लागण आढळली, पण व्हायवॅक्सची मुख्य वाट हीच.

डफीला धरणारं परजीवीचं प्रथिन सापडलेलं होतं, पण ते लांबलचक. त्यातला नेमका कोणता भाग पेशीला धरतो? व्हायवॅक्स प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही, त्याला अगदी कोवळ्या तांबड्या पेशी लागतात. चिटणीसांनी वेगळी युक्ती केली. माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर त्यांनी या प्रथिनाचे तुकडे एकेक करून आणले, वर माणसाच्या तांबड्या पेशी सोडल्या आणि धुऊन काढल्या. एका तुकड्याभोवती मात्र तांबड्या पेशी शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या दाटून बसल्या. डफी नसलेल्या पेशी तिथं चिकटल्या नाहीत. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या तुकड्यावर प्रतिपिंडं आधीच येऊन बसली तर परजीवी बाहेरच अडकेल. लसीची कल्पना ती हीच.

पुढं ते दिल्लीच्या जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात आले आणि कल्पनेची औषधी कुपी करण्याचं किचकट काम सुरू झालं. जिवाणूंकडून तो तुकडा बनवून घेतला तर त्याची घडी चुकते, आणि घडी चुकली की तो डफीला ओळखत नाही. ती पुन्हा नीट घालण्याची पद्धत बसवावी लागली. फाल्सिपेरमसाठी केलेल्या दुसऱ्या एका लसीत दोन घटक होते. बंगळुरूच्या चाचणीत एकानं चांगली प्रतिपिंडं उठवली, दुसरा फिका पडला. २००४ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये इन्फोसिस पुरस्कार. आता ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत याच विषयावर प्रयोगशाळा चालवतात.

२०२३ मध्ये व्हायवॅक्सवरच्या लसीच्या ऑक्सफर्डमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतात बनवलेला तोच तुकडा स्वयंसेवकांना टोचला होता. कोविडमुळं काम थांबलं आणि तिसरा डोस लांबला. नंतर त्यांना मुद्दाम, डॉक्टरांच्या नजरेखाली, व्हायवॅक्सची लागण करण्यात आली. लांबलेल्या डोसाच्या गटात परजीवी वाढण्याचा वेग सरासरी ५१ टक्क्यांनी कमी भरला. लागण टळली नाही, पण परजीवीला आवर घालता येतो हे माणसात दिसलं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लसीच्या वापराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. आफ्रिकेतल्या मुलांसाठी ती मोठीच गोष्ट आहे. पण ती फाल्सिपेरमवरची लस आहे. कोलामांच्या पोडावरून, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून व्हायवॅक्सच्या ज्या पट्ट्या येतात, त्यांच्यासाठी वेगळी लस लागेल. ‘साधा मलेरिया’ म्हणून ती मागं पडता कामा नये. व्हायवॅक्स आपल्या देशाचं दुखणं आहे, तेव्हा त्यावरच्या संशोधनाला पैसा आणि माणसं पुरवणं हेही आपलंच काम.

तोवर हातात आहे ते प्रायमाक्विन. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत. कुणाच्या शरीरात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असेल तर या गोळ्यांनी लघवी काळसर होऊ शकते, तेव्हा गोळ्या थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. बाकी सगळ्यांनी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करायचा, ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी. शास्त्रज्ञ तीस वर्षं या परजीवीचा पिच्छा सोडत नाही. आपल्या वाट्याला चौदाच दिवस आलेत, ते पुरे करू या.