अणुऊर्जा केंद्रातील पाइपांचे वेल्डदोष : शोध, दुरुस्ती आणि फ्लामानव्हिलचा धडा

प्रस्तावना

अणुभट्टीतील उष्णता टर्बाइनपर्यंत पोहोचते ती पाइपांमधून. हे पाइप तुकड्यांत येतात आणि जागेवर वेल्डिंगने जोडले जातात. एका केंद्रात असे हजारो जोड असतात. या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : वेल्डमध्ये कोणते दोष येतात, बांधकामाच्या वेळी ते कसे शोधून दुरुस्त करतात, आणि हे काम उशिरा झाले तर काय किंमत पडते.

१. दोषांचे दोन गट

दोष त्याच्या आकारावरून ओळखायला शिका.

गोलसर दोष : वितळलेल्या धातूत वायूचे बुडबुडे अडकले तर सच्छिद्रता येते. आधीच्या थरावरचा स्लॅग नीट साफ केला नाही तर त्याचे कण आत राहतात.

सपाट दोष : तडा, पाइपाची कड व वेल्डधातू यांचे अपूर्ण मिलन, आणि मुळापर्यंत वेल्ड न पोहोचणे.

सपाट दोष अधिक घातक असतो, कारण त्याच्या टोकदार कडेशी ताण एकवटतो आणि दाब-तापमानाच्या चढउतारात दोष वाढत जातो. म्हणूनच संहितांमध्ये लहान गोलसर दोषाला ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा असते, तड्याला मात्र नसते.

तड्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे हायड्रोजन. इलेक्ट्रोड ओलसर असेल तर चापाच्या उष्णतेने त्यातील पाण्याचे विघटन होते, हायड्रोजन धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर तडा जातो. हा तडा कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही दिसतो. म्हणून इलेक्ट्रोड भट्टीत सुकवतात, पाइप आधी तापवून घेतात आणि गरज असेल तिथे अंतिम तपासणी मुद्दाम उशिरा करतात.

२. दोष कसे शोधतात?

- डोळ्यांनी तपासणी : सर्वांत स्वस्त. ती प्रत्येक थरानंतर करावी.
- डाय पेनिट्रंट : रंगीत द्रव भेगेत शिरतो आणि वर उमटतो. पृष्ठभागावर उघडणारेच दोष यात कळतात.
- रेडिओग्राफी : गोलसर दोष फिल्मवर स्पष्ट दिसतात. पण तड्याचे पातळ प्रतल किरणांना आडवे असेल तर तो निसटू शकतो.
- अल्ट्रासोनिक : ध्वनिलहरी सपाट दोषावरून परावर्तित होतात, त्यामुळे दोषाची खोलीही कळते.

कोणतीही एक पद्धत पुरेशी नाही. फिल्म स्वच्छ आली म्हणजे जोड निर्दोष, असे धरू नका.

३. दुरुस्तीचा क्रम

१. दोषाची लेखी नोंद करा आणि जोडाचे पुढील काम थांबवा.
२. कारण शोधा. तोच वेल्डर, तीच पद्धत किंवा त्याच खेपेचे इलेक्ट्रोड वापरलेले इतर जोडही तपासा.
३. दोष ग्राइंडरने पूर्ण काढा आणि तो खरोखर गेला का, हे डाय पेनिट्रंटने पाहा.
४. मान्यताप्राप्त पद्धतीने, पात्रता चाचणी दिलेल्या वेल्डरकडून पुन्हा वेल्ड करून घ्या.
५. जाड कार्बन पोलादाच्या जोडाला गरजेनुसार सुमारे ६०० अंश सेल्सिअसला उष्णतोपचार द्या. त्याने आतले अवशिष्ट ताण कमी होतात.
६. मूळ तपासण्या पुन्हा करा.

प्रत्येक दुरुस्तीत धातूला पुन्हा उष्णता लागते आणि नवे ताण निर्माण होतात. त्यामुळे एकाच जागी वारंवार दुरुस्ती करू देत नाहीत.

४. उदाहरण : फ्लामानव्हिल-३

फ्रान्समधील फ्लामानव्हिल येथे ईपीआर प्रकारच्या अणुभट्टीचे बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले. तिच्या मुख्य वाफवाहिन्यांसाठी आराखड्यात एक खास गृहीतक होते : हे पाइप फुटणे जवळजवळ अशक्य मानायचे. असे मानले की पाइप फुटल्यास होणाऱ्या परिणामांसाठीची काही संरक्षणे वगळता येतात. पण मग जोडाची गुणवत्ता नेहमीच्या संहितेपेक्षा वरची लागते.

ही वाढीव अट वेल्डिंग करणाऱ्या उपकंत्राटदारापर्यंत नीट पोहोचलीच नाही. काही जोड अटीत बसत नसल्याचे ईडीएफ कंपनीने २०१७ मध्ये फ्रेंच नियामकाला कळवले. २०१८ मध्ये, अणुभट्टी सुरू करण्याआधीच्या तपासणीत, पूर्वी योग्य ठरवलेल्या काही जोडांत दोषही सापडले. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते लक्षात घ्या. पहिल्यात जोडात तडा असेलच असे नाही, पण मागितलेली गुणवत्ता सिद्ध होत नाही. दुसऱ्यात दोष आधीपासून होता, पण तपासणीत निसटला.

आठ जोड तर अणुभट्टीच्या इमारतीच्या दोन भिंतींमधील अरुंद जागेत होते. ते तसेच ठेवून पुढे जाण्याचा कंपनीचा प्रस्ताव होता. जून २०१९ मध्ये नियामकाने तो नाकारला. त्या जोडांच्या दुरुस्तीसाठी पाइपाच्या आतून दूरनियंत्रणाने काम करणारे रोबो वापरावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रकल्पाचा अंदाजित खर्च १०.९ वरून १२.४ अब्ज युरोंवर गेला. अणुभट्टी वीजजाळ्याला जोडली गेली ती डिसेंबर २०२४ मध्ये. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरसाठी याच प्रकारच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. म्हणून हा धडा आपल्यालाही जवळचा आहे.

सारांश

जोड उघडा असतो तेव्हा दुरुस्तीला ग्राइंडर आणि एक-दोन दिवस पुरतात. तोच जोड भिंतीआड गेला की रोबो आणि वर्षे लागतात. आणि जोडाकडून काय अपेक्षा आहे, हे वेल्डरच्या हातातील कागदावर लिहिलेले नसेल, तर कुशल वेल्डरही ती पूर्ण करू शकत नाही.

स्वाध्याय

१. सपाट दोष गोलसर दोषापेक्षा धोकादायक का?
२. रेडिओग्राफीत तडा का निसटू शकतो? त्याला पूरक पद्धत कोणती?
३. फ्लामानव्हिलमधील दोन प्रश्नांपैकी कोणता केवळ अधिक तपासणीने टळला नसता? कारण द्या.