गॅस कमी झालाय, काका!

मार्च लागला की सोसायट्यांच्या लिफ्टमधून गेज, रंगीत नळ्या आणि छोटा सिलिंडर घेतलेली मुलं वर-खाली करू लागतात. फिल्टर धुतला जातो, आउटडोअरवर जेट पंपाचा फवारा बसतो, मग व्हॉल्व्हला गेज लागतं, काटा दाखवला जातो आणि निकाल येतो, ‘गॅस कमी झालाय, काका. टॉप-अप करावा लागेल.’ काका मान डोलावतात, अडीच-तीन हजार मोजतात आणि वर शेजाऱ्यालाही बजावतात, ‘वर्षातून एकदा गॅस भरून घेतलेला बरा.’

हा सल्ला डॉक्टर देतात, प्राध्यापक देतात. इंजिनिअर देतात तेव्हा मात्र राग येतो.

एसीतला गॅस खर्च होत नाही. गाडीत पेट्रोल जळतं तसा तो जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये कमी दाबाखाली तो उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेर पाठवतो. आउटडोअरच्या कॉइलमध्ये तो ती उष्णता रस्त्यावरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होतो. मग बारीक वाटेतून जाताना दाब उतरतो आणि फेरा नव्यानं सुरू होतो. या फेऱ्यात गॅस कमी होण्याची जागाच नाही. पटत नसेल तर स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे बघा. तत्त्व तेच, यंत्रणा तीच, आणि तो तर चोवीस तास चालू. दर उन्हाळ्यात फ्रिजमध्ये गॅस भरून घेणारं घर माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग स्प्लिट एसीतला गॅस कधीच कमी होत नाही का? होतो. पण गळतो म्हणून होतो. फ्रिज आणि विंडो एसी कारखान्यातूनच सीलबंद होऊन येतात. स्प्लिटचे दोन भाग तुमच्या घरी नळ्यांनी जोडले जातात आणि त्या जोडांना चार फ्लेअर नट असतात. नळीचं तोंड वाकडं फुललं, नट सैल राहिला किंवा वाजवीपेक्षा जास्त आवळून तोंड चिरलं, की तिथून गॅस झिरपतो. दुसरी ठरलेली जागा म्हणजे खुद्द कॉइल. खाडीकाठच्या किंवा उघड्या नाल्यालगतच्या इमारतींत हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं पाडतो, पोखरतो, आणि नवी कॉइलही लवकर सूक्ष्म भोकांनी गळू लागते. तिथल्या रहिवाशांची तक्रार खरीच आहे. पण तिथेही वरून गॅस ओतत राहणं हा इलाज नव्हे. पंक्चर न काढता रोज हवा भरून सायकल चालवण्यातला हा प्रकार आहे. फरक इतकाच, की हवा फुकट मिळते.

आता त्या काट्याबद्दल. गेजवरचा आकडा दाखवला की आपण गप्प होतो. पण हा दाब गॅसच्या प्रकारावर, बाहेरच्या तापमानावर आणि कॉम्प्रेसरच्या वेगावर ठरतो. आर-22 असलेल्या जुन्या मशीनचा दाब आणि आर-32 असलेल्या नव्या मशीनचा दाब यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसर क्षणाक्षणाला वेग बदलतो, त्यामुळे काटाही हलतो. सकाळी गार हवेत मोजलं तर आकडा कमीच दिसणार. त्यामुळे नुसत्या काट्यावरून ‘कमी आहे’ हा निकाल पुरावा म्हणून फार लंगडा. गंमत म्हणजे नळी लावता-काढताना दर वेळी थोडा गॅस उडतोच, आणि व्हॉल्व्हची पिन नीट बसली नाही किंवा टोपी लावायची राहिली तर तिथूनच गळती सुरू होते. म्हणजे चांगल्या मशीनला दरवर्षी ‘बघून घेऊ’ म्हणून गेज लावणं हाच एक धोका.

गळती खरीच असेल तर काम कसं व्हायला हवं? आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानं जोड तपासायचे. नायट्रोजनच, ऑक्सिजन चुकूनही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. भोक सापडलं की ते बुजवायचं किंवा कॉइल बदलायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती, ते आउटडोअरच्या पाटीवर छापलेलं असतं. दीड टनी घरगुती मशीनमध्ये ते साधारण एक किलोच्या आसपास असतं. ज्याच्याकडे ना पंप आहे ना काटा, त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. अंदाजानं जास्त गॅस भरला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो, बिल वाढतं आणि गारवा उलट घटतो.

‘गळला तर गळला, दरवर्षी भरू’ म्हणणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या चौथ्या अहवालाप्रमाणे शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-32 पृथ्वीला 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. आधीच्या पिढीतल्या आर-410ए चा आकडा 2088 आहे. आर-22 चं पाप वेगळंच, तो ओझोनचा थर विरळ करतो. म्हणूनच 1987 च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्यानं त्याची गच्छंती सुरू झाली. हे तीन गॅस एकमेकांत मिसळायचे नसतात. ‘चालतो, काका, सगळं सेमच असतं’ असं कुणी म्हणालं तर मात्र चहाही पाजू नका.

गारवा कमी झाल्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. फिल्टर तुंबलेला, कॉइलवर धुळीचा थर, आउटडोअरसमोर रचलेलं सामान, अशक्त झालेला कॅपॅसिटर. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. एसी सर्वांत कमी तापमानावर लावा (नाहीतर इन्व्हर्टर मशीन आपणहून मंदावेल), पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि आत खेचली जाणारी हवा व बाहेर पडणारी हवा यांचं तापमान साध्या थर्मामीटरनं मोजा. फरक आठ-बारा अंशांचा असेल तर गॅसला दोष देण्याचं कारण नाही. दमट हवेत तो थोडा कमी दिसतो. कॉइलवर बर्फ धरला म्हणजे गॅस गेलाच असंही नाही. फिल्टर तुंबून हवा अडली तरी बर्फ धरतो. आधी फिल्टर धुवा.

बाकीचे गैरसमज तितके महाग नाहीत. 16 वर लावलं की खोली लवकर गार होते, हा त्यांतला सर्वांत हट्टी. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालतो. 24 लावा की 16, खोली 24 पर्यंत यायला वेळ तेवढाच लागतो. इन्व्हर्टर मशीनही तापलेल्या खोलीत सुरुवातीला जोरातच धावते. फरक पडतो तो नंतर. 16 गाठण्याच्या नादात मशीन थांबतच नाही, आणि सगळे शाल पांघरून बसतात. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशानं वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींना चालू होताना 24 अंशांवरच चालू होण्याचं बंधन आलं, ते यामुळेच.

एसीबरोबर पंखा लावला की बिल दुप्पट होतं, हे खोटं. पंख्याच्या वाऱ्यामुळे 26 सुद्धा 24 सारखे वाटतात आणि पंखा खातो एसीच्या मानानं चिमूटभर.

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. अधूनमधून खिडकी उघडा.

खोली लहान आणि मशीन दोन टनी, तर गारवा झटकन येतो, पण हवेतली ओल काढायला पुरेसा वेळ मिळत नाही. कोकण-गोव्याच्या हवेत अंग चिकचिकतच राहतं.

2015 सालचा फाइव्ह स्टार आज फाइव्ह स्टार असेलच असं नाही, निकष अधूनमधून कडक होतात. लेबलवरचं वर्ष वाचा.

इनडोअरमधून पाणी टपकतंय म्हणजे गॅस गळतोय? ते हवेतलं बाष्प आहे आणि ड्रेन पाइप तुंबलाय. ते पाणी ‘डिस्टिल्ड’ समजून इन्व्हर्टरच्या बॅटरीतही ओतू नका. कॉइलवरची धूळ, बुरशी आणि धातूचे अंश घेऊन ते खाली येतं. कुंड्यांना घाला, नाहीतर फरशी पुसा.