टोपीखालचा संगणक

आर्डुइनोच्या बोर्डाला फूटपट्टी लावून पाहा. काठाला सॉकेटची भोकं ओळीनं बसवलेली असतात आणि दोन भोकांमधलं अंतर ०.१ इंच असतं. सात आणि आठ या पिनांच्या मध्ये मात्र ते ०.१६ इंच आहे. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी जन्माला आला. त्या सुरुवातीच्या दिवसांत घाईघाईनं आराखडा काढताना ही दीड मिलिमीटरची चूक झाली. ती ध्यानात येईपर्यंत त्या मापाची जोडकार्डं, म्हणजे शील्ड, तयार झाली होती. चूक सुधारायची तर ती सगळी बाद करावी लागली असती, म्हणून चूकच कायम केली. दुकानात मिळणारा सरळ छिद्रांचा बोर्ड त्यावर आजही बसत नाही.

मला ही चूक फार आवडते. असा चिमुकला संगणक घेताना आपण त्याच्या चिपइतकेच पैसे त्या काठावरच्या भोकांसाठीही मोजतो. इथे काहीही बसवा, माप बदलणार नाही, हा बनवणाऱ्यानं अनोळखी लोकांना दिलेला शब्द असतो.

असाच दुसरा बोर्ड, रास्पबेरी पाय, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरना विक्रीला आला, तेव्हा त्यात वाय-फाय नव्हतं. होत्या त्या २६ उघड्या पिना. २०१४ मध्ये त्या ४० झाल्या आणि वर बसणाऱ्या कार्डांसाठी नियमावली आली. आकार ६५ बाय ५६.५ मिलिमीटर, कोपऱ्यांत स्क्रूची भोकं, नाव ‘हॅट’. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं, पण ही टोपी डोक्यावर बसताच स्वतःची खरी ओळख सांगते. कार्डावर एक इवलीशी मेमरी चिप असते. संगणक सुरू होताना २७ आणि २८ क्रमांकाच्या पिनांवरून तिला विचारतो, आपण कोण? कार्ड कोणाचं आणि त्याला कोणत्या पिना कशासाठी हव्यात, ते सगळं ती सांगते.

बाकीच्या पिनांवर चाळीतल्यासारखा कारभार चालतो. ‘आय-टू-सी’ नावाच्या दोन तारांवर डझनभर सेन्सर एकत्र नांदतात, कारण प्रत्येकाला खोली नंबर असतो. एकाच नंबरचे दोघे आले की हाक एकाला आणि ओ दोघांची. शिवाय पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात. आर्डुइनो उनोचा ५ व्होल्टचा सेन्सर तसाच जोडला की पिन जळते, कधी कधी अख्खी चिपही.

हे सगळं नियमात बसवता येतं. वाय-फाय किंवा मोडेमसारख्या रेडिओचं तसं नाही. पिन बरोबर जोडलेली असली तरी त्याचं भागत नाही, त्याला पोटभर वीज लागते आणि भोवती मोकळी जागा लागते.

विजेचा धडा मी दोन रविवार घालवून शिकलो. सिम कार्डाचं एक टूजी मोडेम बोर्डाला जोडलं होतं. तारा ठीक, प्रोग्राम ठीक, तरी नेटवर्क शोधायला लागलं की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू. मल्टिमीटर म्हणायचा, व्होल्टेज उत्तम आहे. मल्टिमीटरला दिसत नव्हतं ते असं, की टूजीचं मोडेम बोलतं तेव्हा अर्ध्या मिलिसेकंदापुरते सुमारे २ अँपिअर ओढतं. वरच्या मजल्यावर कोणी पंप लावला की आपल्या नळाची धार बसते, तसं त्या क्षणी बोर्डाचं व्होल्टेज बसत होतं. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल, दोन्ही माझीच पुण्याई. जाड तार घेतली, मोडेमला अगदी खेटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि रडगाणं थांबलं. (असं मोडेम आता घेत असाल तर आधी सिम कोणाचं ते पाहा. जिओला टूजी नाहीच.)

जागेचं गणित आणखी नाजूक. २०१७ च्या पाय झीरो डब्ल्यूवर अँटेना शोधली तर तार सापडत नाही. बोर्डाच्या काठाला तांबं कोरून काढलेली एक छोटी त्रिकोणी पोकळी दिसते, तीच अँटेना. स्वीडनच्या प्रोअँट कंपनीची ही युक्ती. म्हणजे त्या रिकाम्या जागेवर लोखंडी डबी, बॅटरी किंवा तांब्यानं भरलेली टोपी बसवली, की वाय-फाय घुसमटलं. बोर्डावर वाय-फाय असूनही लोक बाहेरचं डोंगल घेतात ते यासाठीच, की अँटेना डबीच्या बाहेर काढता यावी. तेही यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी खोचू नये. त्या जोडणीचा गोंगाट नेमका वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरतो, हे इंटेलनंच २०१२ मध्ये मांडलं होतं. हातभर एक्स्टेन्शन केबल हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

द्राक्षबागेत वाय-फाय पोचत नाही. तिथे केवडा रोगाचा अंदाज बांधायला पानं किती तास ओली राहिली हे कळावं लागतं, आणि एवढी माहिती मूठभर बाइटांत मावते. ‘लोरा’ची कार्डं त्या कामाची. वेग मुंगीचा, पण मधे अडथळे नसले तर पल्ला काही किलोमीटरांचा. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. ऑनलाइन स्वस्तात दिसणारं ९१५ चं कार्ड अमेरिकेसाठी असतं, ते इथे चालवणं बेकायदा. अँटेनाही त्याच मापाची हवी. पाव लहरीची तार ८६६ मेगाहर्ट्‌झला साडेआठ सेंटिमीटरच्या जरा वर भरते, वाय-फायची जेमतेम तीन. आणि अँटेना लावल्याशिवाय कार्ड सुरू करू नये, कारण बाहेर जाऊ न शकलेली ऊर्जा परत फिरून ट्रान्समीटरवरच येते.

आता बहुतेक बोर्डांत रेडिओ घरातलाच झाला आहे. २०२३ मध्ये आलेल्या आर्डुइनो उनो आर-फोर वाय-फायवर तर त्यासाठी ईएसपी-३२ ही वेगळी चिपच बसवलेली आहे. सात आणि आठच्या मध्ये मात्र अजून ०.१६ इंचच.